आन्सर कीचा केक

लेक बारावीत गेली तेव्हापासून आमच्या घरातली कुकरची शिट्टी गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीला छोटी शेगडी मांडून मी वरण-भाताचा कुकर लावायची आणि लातूरच्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची. खाली लेक अभ्यास करत असायची आणि शिट्टीनं तिचं लक्ष उडतं, असा शोध तिच्या वडिलांनी लावला होता. लेक म्हणायची, "मला काई होत न्हाई मम्मी." पण तिला विचारतंय कोण? टीव्हीची केबल काढून टाकली. ठसका लागतो म्हणून फोडणी जपून. पाहुण्यांना तर घर बंदच. माझा भाऊ नांदेडहून अर्धापूरची केळी घेऊन आला, त्याला दारातच चहा पाजून वाटेला लावलं. त्या दिवशी मी इतकी चिडले की केळीचा अख्खा घड गल्लीत वाटून टाकला, घरात एक केळ ठेवलं नाही.

राग माझ्या नाकावर असतो, हे मला मान्य आहे. पण या गावात राहून ज्याला राग येत नाही त्याच्याबद्दल मला शंका येते.

भूकंपानंतर दोन वर्षांनी मी लग्न होऊन लातूरला आले, तेव्हा लोक अजून अंगणात झोपत होते. चार बायका जमल्या की बोलणं भिंतींचं. कुणाची तडकली, कुणाची पडली, कुणी पत्रे टाकून भागवलं. माझी लेक शाळेत जाईपर्यंत बोलणं बदललं. आता बायका टक्क्यांचं बोलायला लागल्या. ज्या भिंतींना लोक घाबरत होते त्यांच्यावरच त्यांनी मजले चढवले आणि बाहेरगावच्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक लागले आणि त्यावर पासपोर्ट फोटोतल्या पोरांचे दमलेले चेहरे. दूध घालणारासुद्धा दुधाचं माप ओतता ओतता विचारायचा, "ताईची रँक कितवी हाय?" पहिल्या वर्षी लेकीचा मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा तिला रिपीटर बॅचला घातली. रिपीटर हा शब्द लोक आवाज खाली करून बोलायचे, घरात कुणाला काही दुखणं निघाल्यासारखा.

त्या दुसऱ्या वर्षाच्या संक्रांतीनंतर गंजगोलाईच्या बाजारात खारी आणायला गेले होते. बेकरीच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. केकवर सजावट शिका, नवशिक्यांसाठी, दुपारची बॅच, फक्त महिला. मला केक काही फार आवडतो असं नाही. गोड खायचं तर मी पुरणपोळी खाईन. पण त्या कागदासमोर मी उभीच राहिले. क्रीमची फुलं काढायची, कुणीतरी ती खाऊन टाकायची, संपलं. यापेक्षा बिनकामाचं काम मला त्या गावात दुसरं दिसलं नव्हतं. मी तिथल्या तिथं नाव नोंदवलं.

घरी सांगितलं.

"कशाचा क्लास?" यांनी विचारलं.

"केकवर फुलं काढायचा."

"त्याचा उपयोग काय?"

"काई न्हाई."

"धंदा करनार हायस का?"

"न्हाई."

"मग सर्टिफिकेट तरी देतेत का?"

"माहीत न्हाई."

आमचं घर लिंगायताचं, बाजारात हार्डवेअरचं दुकान, आणि यांना प्रत्येक वस्तू कशाला उपयोगी पडते ते ठाऊक असतं. शेवटी त्यांना एकच प्रश्न सुचला. "अंडं न्हाई ना त्यात?"

शिकवणारी बाई बेकरीवाल्यांची सून. आम्ही सगळ्या तिला आपा म्हणायचो. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं जोडून क्लास भरायचा. बाई तोंडानं फटकळ, माझ्या तोडीस तोड, त्यामुळं आमचं पहिल्या दिवसापासून जमलं आणि पहिल्या दिवसापासून भांडण सुरू झालं. नवशिक्यांना ती केकला हात लावू द्यायची नाही. प्रत्येकीसमोर स्टीलचं ताट पालथं घालायची. क्रीमची पिशवी भरायची, टोकाला नोझल, आणि ताटाच्या पाठीवर फुलं काढायची. ताट भरलं की सुरीनं सगळं खरवडून परत पिशवीत भरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. माझी पहिली फुलं शेणाच्या पोवासारखी पडली. आपा म्हणाली, "कायको घाबरून राहिली भाभी? दाबा और छोडो. दाबून खींचू नका." मी खरवडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खरवडलं. कुणी काही लिहून घेतलं नाही. घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी रिक्षात गुणगुणत होते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

उन्हाळा चढला तसा लातुरात पाण्याचा ठणठणाट झाला. टँकर आला की बायका भांडी घेऊन पळायच्या, आणि आम्ही इकडं क्रीमची फुलं काढत होतो. माझ्या जावेनं ऐकवलंच, "प्यायला पानी न्हाई अन् तुमाला केक सुचतो." क्रीमचा तेलकटपणा थोडक्या पाण्यानं जात नाही, त्याला फार पाणी लागतं. म्हणून आपानं नियम केला होता की भांडी आधी वर्तमानपत्रानं कोरडी पुसायची, मग ओल्या फडक्यानं, आणि शेवटी एका तांब्यात सगळ्यांची नोझलं. त्या वर्तमानपत्रांत पानभर क्लासच्या जाहिराती असायच्या. मी त्या पोरांच्या चेहऱ्यावर क्रीम पुसायची नाही. तेवढा भाग फाडून बाजूला ठेवायची. आपा हसायची, पण मला ते जमायचंच नाही.

मग एक दिवस आपानं जाहीर केलं की शनिवारी परीक्षा. पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढणार, फोटो मोबाइलच्या स्टेटसवर लावणार.

मी पिशवी खाली ठेवली. "इथंबी रँक? अगं, गावात एक जागा तरी सोडा!"

"परीक्षा न्हाई ठेवली तो औरतां अगल्या बॅचला येत न्हाईत, भाभी," आपा शांतपणे म्हणाली. "पूछते हैं, नंबर किसका आया?"

मी परीक्षेला बसले नाही. बाकीच्या बसल्या, जिचा तिसरा नंबर आला ती घरी जाऊन रडली म्हणे. मला हसूही आलं आणि आपाचा गळा धरावासाही वाटला.

मे महिन्यात लेकीची परीक्षा झाली. परीक्षेनंतर लातुरात एक सण असतो, तो कुठल्या पंचांगात सापडणार नाही. क्लासवाले उत्तरांची यादी काढतात, आन्सर की. मग घरोघरी पोराला समोर बसवून आपली उत्तरं त्या यादीशी ताडून बघतात आणि निकालाच्या आधीच मार्क काढतात. निकाल लागायला वेळ असतो, पण पेढे कीवरच वाटले जातात. आमच्याकडंही संध्याकाळी सतरंजी पसरली. हे मांडी घालून हातात पेन्सिल घेऊन बसले, लेक समोर. यादी तिच्याच हातात. ती प्रश्न वाचायची, आपलं उत्तर आठवून यादीशी ताडायची आणि सांगायची, "बरोबर." हे खूण करायचे. सुरुवातीला दोन-चारदा "चूक" आलं. मग बरोबर, बरोबर, बरोबर. शेवटी बेरीज करून हे उभेच राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. ते तसेच चप्पल घालून पेढे आणायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून लेकीचं नाव घरातून गेलं. सगळे तिला डॉक्टर म्हणायला लागले. डॉक्टर, चहा घ्या. डॉक्टर, माझा गुडघा लई दुखून राहिला, बघा जरा. शिरूर अनंतपाळचे चुलत सासरे फोनवर म्हणाले, "डॉक्टरीनबाईला द्या." ती फोन घ्यायची आणि हां, हां म्हणायची. मला वाटलं लाजतेय.

आता ती रिकामी होती, म्हणून एकदोनदा माझ्याबरोबर क्लासला आली. तिनं पिशवी हातात घेतली आणि पहिल्याच ताटावर असं गुलाबाचं फूल काढलं की आपानं सगळ्यांना जवळ बोलावलं. मी मेली चार महिने खरवडत होते. पण लेक त्या ताटाकडं बघून मनापासून हसली, दात दिसेपर्यंत. असं ती शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना, आणि त्याचाही मला रागच आला.

निकालाची तारीख ठरली तसा यांनी हुकूम सोडला. पाहुणे येणार, केक मी करायचा. "आता झाला बघ तुझ्या क्लासचा उपयोग." केकवर स्टेथोस्कोप पाहिजे आणि मोठ्या अक्षरांत लेकीचं नाव, त्याआधी डॉ. पाहिजे. मराठीत, म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्यांना वाचता येईल.

क्रीमनं मराठी लिहिणं सोपं नाही. क्लासमध्ये सगळ्या इंग्रजीत हॅपी बर्थडे लिहायला शिकतात, त्याला डोक्यावर रेघ नसते. आपण कागदावर आधी अक्षर काढतो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. क्रीमवर तसं केलं की रेघ ओढताना अक्षरं तुटतात. मी ताटावर करून करून शोधून काढलं की आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. पण ॉ काही केल्या जमेना. वरचा चंद्र रेघेवर टिकायचाच नाही, उकाड्यानं घसरून काना होऊन बसायचा. डॉ.चं डा. व्हायचं. आपा म्हणाली, "डा. लिखो ना, पुराने लोगां डाक्टरच बोलते." मी म्हटलं, यांना चालणार नाही, यांना चंद्रासकट पाहिजे. आठवडाभर मी तो चंद्र बर्फावर थंड केलेल्या क्रीमनं बसवायला शिकले.

निकालाच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात बिनअंड्याच्या केकवर शेवटचा थर फिरवला. रेघ ओढली. ड काढला, काना काढला. लेक शेजारी उभी होती.

"मम्मी, डॉ. नको लिहू."

"थांब गं, बोलू नको. चंद्र बसवायचाय."

"नको लिहू ना. नंबर न्हाई लागनार माझा."

मी हात थांबवला.

"की बघताना मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "पयली दोन-चार चुकली तर पप्पाचं तोंड बघवना. मग मी सगळ्याला बरोबरच म्हनत गेले. वाटलं, दुसऱ्या दिवशी सांगीन. तवर पेढे आले."

हातातली पिशवी मी ओट्यावर अशी आपटली की क्रीम भिंतीपर्यंत उडालं. लेक मागं सरकली. तिला वाटलं मी तिला मारणार. क्षणभर माझा हात खरंच शिवशिवला होता. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि राग जिथं जायला पाहिजे तिथं गेला. बापाचं तोंड उतरू नये म्हणून पोरीनं खोटं बोलावं आणि ते खोटं गोड करून गावभर वाटलं जावं, आणि ती महिनाभर डॉक्टर, डॉक्टर ऐकत एकटीनं चहा पीत बसावी! त्या पेन्सिलीचा मला संताप आला, त्या सतरंजीचा, दूधवाल्याचा, चौकातल्या प्रत्येक फलकाचा. मी सुरी घेतली आणि ड आणि काना खरवडून टाकले. तिथं खड्डा पडला. लेकीनं दुसरी पिशवी भरली आणि त्या खड्ड्यावर फुलं काढली. मी पुढं नुसतं तिचं नाव लिहिलं.

हे दुकानातून आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही.

"टेन्शननं बोलून राहिली ती. परीक्षेनंतर सगळ्याच पोरी असं बोलतेत."

"अहो, तिनं सोता सांगितलं."

"घरात एक डॉक्टर पायजे म्हनजे पायजेच," ते म्हणाले, आणि पुढचं मला पाठ होतं. भूकंपात त्यांची धाकटी बहीण गेली. तिकडच्या गावात दिली होती. दगडमातीखालून जिवंत काढली, हे स्वतः तिला लातूरला घेऊन आले, आणि दवाखान्यात एवढी माणसं होती की डॉक्टर तिच्यापर्यंत पोचलाच नाही. हे मी लग्नापासून ऐकत आले होते. दर वेळी माझं तोंड बंद व्हायचं. त्या दिवशी झालं नाही.

"तुमची बहीण गेली, त्यात माझ्या लेकीची काय चूक?" मी म्हणाले. "तिला कशाला भरपाईत देता?"

ते उठून बाहेर गेले. इतकी वर्षं मी हे बोलले नव्हते, आणि बोलल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पाहुणे सकाळीच आले. शिरूरचे सासरे फेटा बांधून, हातात हार. केकवर डॉ. नाही हे यांनी बघितलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर घाबरली असती. निकाल मोबाइलवर आला. यांनी नंबर टाकला, वाचला, पुन्हा टाकला, पुन्हा वाचला. मग मोबाइल खिशात ठेवला. खोलीत सगळ्यांना कळलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. यंदा पेपरच अवघड होता. थोडक्यात हुकलं असंल. अजून एक साल. तिसऱ्यांदा लागतोच नंबर, आमच्या साडूच्या पोराचा लागला. जावेनं केक कापून वाटलासुद्धा, माणसं आलीत तर काय करायचं म्हणून. आणि तो खाता खाता मला सांगितलं, "लई भारी झालाय. धंदा सुरू करा आता." मी तिच्या हातातली बशी काढून घेतली. केकचा अर्धा तुकडा अजून तिच्या तोंडात होता.

"उद्याच जाऊन बॅचला नाव घालतो," हे म्हणाले. मग लेकीकडं वळले. "बोल की. काय करायचं म्हनतीस?"

ती कोपऱ्यात उभी होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"पप्पा, मला झोपायचंय."

एकदोघं हसले. हे म्हणाले, "मी काय विचारून राहिलो..."

"मला झोपायचंय," ती पुन्हा म्हणाली. त्यात रडं नव्हतं, रुसवा नव्हता. तहान लागलेलं माणूस पाणी मागतं तसं मागितलं तिनं. दोन वर्षं हे तिला पहाटे चारला उठवत होते.

मी तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. ती आडवी झाली आणि मी पंखा लावेपर्यंत झोपली. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यासमोर पाट टाकून बसले. कोण काय म्हणतंय ते मी ऐकून घेतलं. पाहुणे एकेक करून गेले. दुपार झाली, जेवणं झाली, भांडी तशीच पडली. ती उठली नाही. ऊन कललं तरी उठली नाही. हे दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते दारासमोरच थांबले.

"उठव तिला आता."

"न्हाई उठवणार."

"लई वेळ झाला."

"होऊ द्या. तिसऱ्या बॅचला ती जाणार न्हाई. तुमाला जायचं असंल तर तुम्ही जा."

मला वाटलं ते ओरडतील, आणि मी तयारच होते. पण ते भिंतीला टेकून खाली बसले. दाराकडं बघत म्हणाले, "ती बी झोपली व्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात. शेजारची बाई म्हनली, झोपली हाय, झोपू द्या. मी झोपू दिलं."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पण राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. आपल्या जिवातली भीती त्यांनी दोन वर्षं पहाटे चारला माझ्या लेकीच्या अंथरुणापाशी नेऊन उभी केली होती, आणि तिला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

"उठवत न्हाई मी," ते म्हणाले. "श्वास चालू हाय का, तेवढं बघू दे."

मी पाटावरून उठले नाही. मागं हात करून दार बोटभर उघडलं.